कूलर कुठं बसवायचा

प्रतीक्षाला बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला एक विषय होता. व्यवसायाचं व्यवस्थापन आणि निर्णयप्रक्रियेत माहिती-प्रणालीचं स्थान, असं त्याचं लांबलचक नाव, आणि घोडेगावच्या कॉलेजात तो शिकवणारे सर त्याहून लांबलचक बोलायचे. पण परीक्षेपुरतं सगळं सार एका वाक्यात मावत होतं: माहिती गोळा करा, ती यंत्रात भरा, यंत्र तिची छाननी करील आणि साहेब त्यावरून योग्य निर्णय घेतील. प्रतीक्षानं हे वाक्य इतक्यांदा घोकलं होतं की गाईंना वैरण टाकतानाही ती ते म्हणायची. गाईंनी कधी शंका काढली नाही. वर्गातल्या मुलांनीही काढली नाही.

मग सरांनी सांगितलं, आता पुस्तक पुरे, एखाद्या खऱ्याखुऱ्या संस्थेत महिनाभर काम करा, प्रणाली कशी चालते ते डोळ्यांनी बघा आणि संस्थेच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र नाही तर मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर तीन वर्षं एसटीच्या मागं धावून केलेली पदवी नाही.

शिनोलीच्या पुढं डिंभ्याच्या रस्त्याला प्रतीक्षाचं गाव. तिथं संस्था म्हणावी अशी एकच, दुधाची. तिचं अधिकृत नाव पाटीवर दोन ओळी भरून उरतं, म्हणून सगळे तिला डेरी म्हणतात. आणि पोरीचं नशीब असं थोर, की डेरीचे चेअरमन कुंडलिकराव त्याच आठवड्यात पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले होते. विषय तोच, माहिती-प्रणाली आणि निर्णय. प्रशिक्षणातून त्यांनी एक पिशवी, एक पेन आणि गळ्यात अडकवायची निळी पट्टी एवढं ज्ञान आणलं होतं. तेव्हापासून ती पट्टी गळ्यातून उतरली नव्हती. एका दहाव्यालाही ते तीच घालून गेले.

"पोरी, जमाना डेटाचा हाय," प्रतीक्षा कामाचं विचारायला गेली तेव्हा ते म्हणाले. "चेअरमनच्या मनात आलं आन निर्णय झाला, हे आता बंद. सिस्टीम सांगंल तसं चालायचं. बस तू कॉम्प्युटरवर. पगार न्हाई, पर अनुभव लई मिळंल."

कॉम्प्युटर नवा होता आणि त्याच्यावर हार होता. डेरीचे सेक्रेटरी सोपान गेली कैक वर्षं दूध मोजून वहीत लिहायचे. ते माऊसला हात लावण्याआधी धोतराला हात पुसायचे आणि तरीही लावायचे नाहीत. त्यामुळे प्रतीक्षा बसली ती थेट मुख्य जागेवर.

पहिला निर्णय समोर वाढून ठेवलेलाच होता. जिल्ह्याच्या दूध संघानं गावाला एक कूलर मंजूर केला होता. कूलर म्हणजे घरातला पंख्याचा नव्हे. दूध गार ठेवणारी, खोलीभर मोठी स्टीलची टाकी. संघाची अट एवढीच, की कूलर कुठं बसवायचा ते माहितीच्या आधारे ठरवा आणि सभासदांच्या सभेत ठराव करून कळवा. जागा दोन होत्या. एक, धरणाच्या अंगाची वरची वस्ती. दुसरी, डेरीपासून हाकेच्या अंतरावर असलेला कुंडलिकरावांचा स्वतःचा मळा.

वरची वस्ती म्हणजे प्रतीक्षाची वस्ती. तिथलं दूध टेम्पोनं खाली डेरीवर यायचं, टेम्पो बिघडला तर एसटीनं, आणि एसटी आली नाही तर ज्याचं त्यानं डोक्यावरून. खाली आल्यावरही लगेच मोजलं जायचं नाही. आधी खालच्या आळीचं, मग माळवाडीचं आणि सगळ्यांत शेवटी वस्तीवरचं, असा क्रम होता. हा नियम कुठंच लिहिलेला नव्हता. कोण्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून कोण आधी आणि कोण मागून, हे जसं ठरलं होतं तसंच ते दुधापर्यंत आलं होतं, आणि कुणी विचारलं तर "तसं काय न्हाई, ज्याचा नंबर लागंल त्याचं" असं तोंडभरून सांगितलं जायचं. वस्तीच्या कॅनचा नंबर मात्र रोज शेवटी लागायचा. चैत्राच्या उन्हात कॅन उभे राहायचे, दूध फाटायचं आणि सोपान ते परत करायचे.

प्रतीक्षाचे वडील रत्नदीप यांनी बायकोला आणि मुलीला सांगून टाकलं होतं: कूलर वस्तीवर आला तर ठीक, नाहीतर दोन्ही गाई बेल्ह्याच्या बाजारात विकायच्या. परत आलेलं दूध गोठ्यामागं ओतून ओतून त्यांचा जीव विटला होता. त्यातली धाकटी गाय प्रतीक्षानं वासरू असल्यापासून वाढवली होती. ती विकायचं नुसतं बोलणं निघालं तरी प्रतीक्षा उठून गोठ्यात जायची. म्हणून डेरीत कॉम्प्युटरसमोर बसताना तिच्या मनात मार्कांपेक्षा जास्त काहीतरी होतं. माहिती भरायची, यंत्र छाननी करील, कूलर वस्तीवर जाईल. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

पहिल्याच दिवशी कुंडलिकरावांनी तिला मळ्यात नेलं. तिथं सिमेंटचा भलामोठा ओटा तयार होता, वर पत्र्याची शेड होती, विजेचं मीटर बसलं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात हळदकुंकू दिसत होतं, म्हणजे पूजाही उरकली होती.

"हितं कूलर येनार," ते म्हणाले.

"पण चेअरमनसाहेब, अजून ठरायचंय ना? सिस्टीम सांगणार ना कुठं ते?"

"सांगनार की. सिस्टीमच सांगनार. का मळाच योग्य हाय."

"आणि तिनं दुसरं काही सांगितलं तर?"

कुंडलिकरावांनी तिच्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. "मंग सिस्टीम चुकली आसं समजायचं आन दुरुस्त करायची. त्यासाठीच तर तुला बशिवलीया."

प्रतीक्षाला एका क्षणात सगळा विषय समजला. सरांना तो समजावून सांगायला दोन सत्रं लागली होती, आणि तरी उलटा सांगितला होता. निर्णय आधी होतो. तो झाला, त्यावर शेड चढली, नारळ फुटला, की मग त्याला आधार शोधत माहिती निघते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त या घोड्याला कीबोर्ड होता.

आधार शोधायला दोन कसोट्या लावायच्या, हेही कुंडलिकरावांनीच ठरवलं. एक, कुठल्या भागात दूध घालणारे जास्त. दोन, कुठल्या भागाचं दूध परत जाण्याचं प्रमाण कमी. दुसऱ्या कसोटीचं त्यांना फार कौतुक होतं. "वस्तीचं निम्मंअर्धं दूध परत जातंय. आसल्या खराब दुधासाठी कूलर बसवून काय उपेग? आदी त्यांनी दूध सुदरावं, मंग मागावा कूलर." दूध कूलर नसल्यामुळं खराब होतं आणि खराब होतं म्हणून कूलर मिळणार नाही, हे गणित इतकं गोल होतं की त्यात बोट शिरायला फट नव्हती. प्रतीक्षानं दोन्ही कसोट्या वहीत उतरवून घेतल्या. प्रमाणपत्रावर सही याच माणसाची लागणार होती.

पहिल्या कसोटीची गंमत मात्र तिला खाती भरताना कळली. मळ्यात गोठा एक, गाई पाच, आणि दूध घालणारी खाती अकरा.

हे कोडं नव्हतं, गावची जुनी रीत होती. डेरीचा नियम असा, की वर्षाकाठी ठरावीक दिवस दूध घालील तोच क्रियाशील सभासद, आणि त्यालाच सभेत मत. तेव्हा कुंडलिकरावांच्या घरून दूध यायचं एकाच गोठ्याच्या किटल्यांमधून, पण वहीत ते घरभर वाटलं जायचं. सहा लिटर बायको कुशाबाईंच्या नावावर, पाच सून स्नेहलच्या, चार येडगावला दिलेल्या बहिणीच्या, म्हणजे सरूबाईंच्या, काही भावजयीच्या, काही पुतण्यांच्या बायकांच्या. सोपान हे वाटप इतक्या सफाईनं करायचे की लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणून शोभले असते. सून स्नेहल मोशीला राहायची आणि गाय बघायची ती दुधाच्या पिशवीवर छापलेली. नातू शौर्य पहिलीत होता म्हणून सभासद व्हायचा राहिला. कुंडलिकरावांच्या कैलासवासी आईचंही बारावं खातं नेमानं चालू होतं, ते तेवढं बंद करावं लागलं, कारण नव्या सिस्टीमला प्रत्येक खात्याचा चालू मोबाईल नंबर लागत होता आणि म्हातारी होती तिथं रेंज नव्हती.

एकच नंबर दोन खात्यांना देऊन बघितला. सिस्टीमनं लाल अक्षरांत नकार दिला.

"तिच्या मारी, लईच नियमाची हाय," कुंडलिकराव म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि एकेकीचा खरा नंबर वाचून दाखवायला सुरुवात केली.

"चेअरमनसाहेब," प्रतीक्षा टाईप करताकरता म्हणाली, "ह्या नंबरांवर रोज मेसेज जाणार. आज किती दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं. ते बंद ठेवू का?"

"बंद कशापाई?" त्यांचा आवाज चढला. "प्रशिक्षनात जुन्नरकडचा एक चेअरमन शेजारी बसला व्हता. त्याच्या डेरीचे मेसेज जात्यात म्हनून तीन दिस माझं डोकं खाल्लं त्यानं. आपन काय कुनाचं घोडं मारलंय? जाऊ द्या मेसेज."

"पण ह्या सगळ्याजणींना पण जातील."

"जाऊ दे की. बाया कुटं मेसेज वाचत्यात?"

प्रतीक्षा यावर बरंच काही बोलू शकली असती. तिची आईच रोज रात्री आख्ख्या वस्तीचे मेसेज वाचून दाखवायची. पण दोनदा विचारून झालं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला हुशार म्हणत नाहीत, आगाऊ म्हणतात. तिनं बटण दाबलं.

अहवाल झकास निघाला. गोल चक्रात मळा आणि खालची आळी मिळून झालेला भाग हिरवागार आणि फुगलेला, वस्तीचा लाल आणि चिंचोळा. खाली ठळक अक्षरांत शिफारस: कूलर मळ्यात बसवणे योग्य. प्रतीक्षानं तो सरांना पाठवला. सरांनी उलट कळवलं, रंगसंगती उत्तम, अक्षरं थोडी मोठी घ्या. त्या रात्री ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. आपल्याच गाईंना बाजाराची वाट दाखवणारं चित्र आपल्याच हातानं रंगवलं, हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं, ते तिला सुचेना.

मेसेज सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. कुंडलिकराव मंचरला गेले होते. सकाळचं दूध आटोपलं होतं, वस्तीचे दोन कॅन नेहमीप्रमाणं परत गेले होते, आणि कुशाबाई डेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेअरमनची बायको डेरीत येण्याचा प्रसंग पूर्वी कधी आलाच नव्हता. पदरात काहीतरी गुंडाळून आणलं होतं, तो फोन निघाला.

"प्रतीक्षे, हे बघ गं बाय," त्या म्हणाल्या. "रोज सांजसकाळ कोनतरी मला नमस्कार घालतंय. घरात कोन घालत न्हाई, मंग हा कोन?"

प्रतीक्षानं फोन घेतला. नमस्कार कुशाबाई, आज सकाळी आपण सहा लिटर दूध घातले, धन्यवाद.

"आन नुसतं मला न्हाई. आमची सून मोशीवरनं फोन करती, म्हनती आई, मी म्हने पाच लिटर दूध घातलं, मी तर शौर्याला शाळंत सोडाया गेले व्हते. येडगावच्या वन्सं फोन करत्यात. त्यांच्या घरी तर म्हशी हायेत, आन त्यांना गाईच्या दुधाचा मेसेज. ह्यांना इच्यारलं तर म्हनले कंपनीचा हाय, पुसून टाक. मला काय पुसाया येत न्हाई. तू शिकल्याली हायेस, तू सांग."

वजनकाट्यामागं सोपान खोकले. तो खोकला खोकला नव्हता, ते प्रतीक्षालाही कळलं. प्रमाणपत्राचा कागद टाईप करून टेबलाच्या खणात पडला होता, त्यावर फक्त सही व्हायची होती. कंपनीचा मेसेज आहे, पुसून देते, असं म्हटलं असतं की काम झालं. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण बाई समोर उभ्या होत्या, हाताला शेणाचा वास होता, आणि खरं काय एवढंच विचारत होत्या. प्रतीक्षाला स्वतःची लाज वाटली.

"काकी, बसा," ती म्हणाली. "हा मेसेज डेरीचा आहे. तुमच्या नावावर इथं खातं आहे. तुमच्या गोठ्यातलं दूध अकरा नावांवर लागतं, त्यातलं एक तुमचं. म्हणजे तुम्ही सभासद आहात."

"मी?"

"क्रियाशील सभासद. आठ वर्षं झाली."

कुशाबाई खुर्चीवर टेकल्या. "आठ वर्सं," त्या म्हणाल्या. "पाच गाईंचं शेनमूत मी काडते, धारा मी काडते, ते म्हाईत व्हतं मला. पर दूध घालते पन मीच, ह्याचा काय पत्ता नव्हता."

"सभेलाही दर वर्षी हजर असता तुम्ही. म्हणजे इथं तशा सह्या आहेत." प्रतीक्षा आता थांबायला तयार नव्हती. "गेल्या वर्षी चेअरमनसाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला ना, तो तुम्हीच मांडलाय. सरूबाईंनी अनुमोदन दिलंय."

"मी ह्यांचं अभिनंदन केलं?" कुशाबाई असं हसू लागल्या, की सोपान काट्यामागून उठून बाहेर हवा खायला गेले. हसणं थांबलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले, आणि ते सगळंच हसण्याचं पाणी नव्हतं.

"आता हाय का सभा?"

"रविवारी. कूलर कुठं बसवायचा ते ठरवायला."

"मला याया चालंल?"

"काकी, तुम्ही तर दर वर्षी येताच."

त्या गेल्यावर सोपान आत आले. "पोरी," ते म्हणाले, "शिक्का गेला तुजा." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. प्रतीक्षाला मात्र कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडायची सोय होती. गाव नेहमीसारखं बसलं होतं, खालची आळी पुढं, वस्ती मागं. मतांचा तराजू तसा सरळ होता. वरची वस्ती आणि धरणाकाठच्या वाड्या एका बाजूला, खालची आळी दुसऱ्या बाजूला, जवळजवळ बरोबरीत. पारडं झुकायचं ते मळ्यातल्या अकरा खात्यांनी, आणि ती खाती सभेला येण्याची तसदी आजवर कधी घेत नव्हती. त्यांचे हात सोपान वर करायचे, कागदावर.

सभा सुरू होणार एवढ्यात एक जीप आली. तीतून आधी कुशाबाई उतरल्या, मागोमाग सरूबाई, मांडीवरून सांडणाऱ्या शौर्याला सावरत स्नेहल, आणि मग भावजय, पुतण्यांच्या बायका, एकीमागून एक. सगळ्या ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. कुंडलिकरावांना क्षणभर काही कळेना. मग त्यांचा चेहरा फुलला. घरच्या बायका आपला विजय बघायला आल्या, असंच कुठल्याही सुखी माणसाला वाटलं असतं.

"खुर्च्या द्या रे!" ते माईकवरून म्हणाले. "हे बघा, महिला सक्षमीकरन आपल्या घरापासनं सुरू केलंय आपन."

टाळ्या पडल्या. चादरीवर हिरवा आणि लाल गोल उमटला. कुंडलिकरावांनी लेसरचा लाल ठिपका त्यावर फिरवला आणि माहितीचं महत्त्व यावर पुण्यात ऐकलेलं सगळं ऐकवलं. "ह्यात माझं काय न्हाई. मी चेअरमन म्हनून काय ठरवलं न्हाई. सिस्टीमनं ठरवलंय. मान्सात भेदभाव आसतो, मशीनला भेदभाव ठावं न्हाई. आपन फक्त हात वर करायचं."

मागून रत्नदीप उठले. "चेअरमनसाहेब, वस्तीचं दूध खराब न्हाई. मोजायला शेवटी घेत्यात, तोवर उनात उभं ऱ्हातं म्हनून फाटतं. तेवढं तुमच्या गोलात कुटं दिसत न्हाई."

"रत्नदीप, भावना येगळी आन डेटा येगळा," कुंडलिकराव समजुतीनं म्हणाले. "खाली बसा."

रत्नदीप बसले. प्रतीक्षा प्रोजेक्टरजवळ उभी होती. वडिलांची मान खाली गेलेली तिला दिसली आणि ते चक्र चादरीवरून ओढून फाडावंसं वाटलं.

"चेअरमनसाहेब," आवाज पुढच्या खुर्च्यांतून आला. कुशाबाई उभ्या होत्या. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली असतील, त्यांनी नवऱ्याला "अवो" सोडून कशानंही हाक मारलेली गावानं ऐकली नव्हती. "मला बोलायचंय."

"तू काय बोलनार?"

"मी सभासद हाय. किर्याशील. बोलते."

मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"कूलर मळ्यात यायचा म्हनताय. येऊ द्या. पर मला एक सांगा. रोज सांजसकाळ आख्खं गाव माझ्या अंगनात येनार, का न्हाई? आलं म्हंजी काय उभ्या उभ्या जानार? एक पानी मागंल, एक म्हनंल वैनी च्या टाका, एक ओट्यावर बसंल तो जेवायच्या वक्ताला उठंल. चेअरमनच्या दारात आल्याल्या मान्साला च्या न्हाई म्हनता येतं का? मंग च्या कोन करनार? कपबश्या कोन इसळनार? ती खोलीएवढी टाकी कोन धुनार? आदीच पाच गाई माझ्या उरावर हायेत. घरचं झालं थोडं आन व्याह्यानं धाडलं घोडं! ह्या समद्याचा डेटा हाय का तुमच्या त्या गोलात?"

आधी बायका हसल्या, मग वस्ती, आणि मग, बायको शेजारी बसली नाही याची खात्री करून, खालच्या आळीतले पुरुषही.

"सिस्टीममदी च्याचा रकाना न्हाई," कुंडलिकराव म्हणाले. खरंच तसं म्हणाले. माईक चालू होता.

"न्हाई ना? मंग माझं मत लिवून घ्या. वस्तीवरच्या दुधाला उनात उभं ऱ्हावं लागतं, त्यांना टाकीची गरज हाय. त्यांच्याकडं बसवा. आमचं दूध टेम्पोनं वर धाडू, टेम्पो तसाबी रिकामा वर जातो."

"कुशे, खाली बस."

"बसते. हात वर करून झाला, का बसते."

आणि त्यांनी हात वर केला. शेजारी सरूबाईंनी केला. स्नेहलनं केला, तिच्या मांडीवरच्या शौर्यानंही केला, तो धरला नाही. मागची वस्ती तर आधीच हात वर करून उभी होती. सोपाननी मोजायला सुरुवात केली, चेअरमनकडं बघितलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. जी अकरा मतं कुंडलिकरावांनी दुधावर पोसून मोठी केली होती, ती अकराच्या अकरा जिवंत निघाली होती आणि त्यांच्याच समोर बसली होती. ही खाती खोटी आहेत असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा, पण ती खोटी तर अहवाल खोटा, अहवाल खोटा तर संस्थेची आठ वर्षं खोटी, एवढं गणित त्यांना सिस्टीमशिवाय जमलं. ठराव मंजूर झाला.

संध्याकाळी वस्तीवर कुणी फटाके वाजवले नाहीत. रत्नदीप गोठ्याजवळ उकिडवे बसून धाकट्या गाईची पाठ खाजवत होते.

"म्हंजी सोमवारी बेल्ह्याला जायचं न्हाई," ते म्हणाले. "मंग सोमवारी मी करू काय?"

"धारा काडा," आतून प्रतीक्षाची आई म्हणाली. "आन कॅन घासा. आता दूध परत आलं तर कुनावर ढकलाल?"

प्रतीक्षा गाईच्या गळ्यात हात टाकून थोडी रडली. रडून झाल्यावर तिला प्रमाणपत्राची आठवण झाली.

सोमवारी ती डेरीत गेली ती मार खायच्या तयारीनं. कुंडलिकराव आधीच येऊन बसले होते. निळी पट्टी गळ्यात नव्हती. त्यांनी खण उघडला, तिचा कागद काढला आणि काही न बोलता त्यावर सही ठोकली. शिक्काही स्वतःच उमटवला, इतक्या जोरात की टेबलावरचा चहाचा कप हलला. वर आपल्या हातानं शेराही लिहिला: काम अत्यंत समाधानकारक, प्रशिक्षण मुदतीपूर्वी पूर्ण.

"घे," ते म्हणाले. "लई शिकलीस. आता उद्यापासनं यायची गरज न्हाई. आजपासनंच न्हाई म्हन."

प्रतीक्षानं कागद घेतला. तो हातात आहे यावर तिचा विश्वास बसेना. नको असलेलं माणूस घालवायला प्रमाणपत्राइतकं सोपं हत्यार नाही, हेही तिला पुस्तकात कुठं सापडलं नव्हतं.

"थांब गं," दारातून आवाज आला. "गरज न्हाई कशी? माझं काम हाय अजून."

कुशाबाई आत आल्या. हातात एक कापडी पिशवी होती. त्यांनी ती टेबलावर उपडी केली आणि त्यातून दोन-तीन मोबाईल घरंगळत आले. मागून सरूबाई येत होत्या, त्या अजून येडगावला परतल्या नव्हत्या.

"बस त्या कॉम्प्युटरवर," कुशाबाई म्हणाल्या. "आमी आठ वर्सं दूध घातलं म्हनतीस ना? मंग दुधाचा पगार पन झालाच आसंल. तो कोनत्या ब्यांकेत गेला, कोनाच्या सहीनं निघाला, ते काढून दे. मला, वन्संना, सुनंला, समद्यांचं येगळं येगळं. चांगलं रंगीत काढ."

प्रतीक्षानं चेअरमनकडं बघितलं. सही झालेला कागद तिच्या पिशवीत होता. ती खुर्चीवर बसली आणि तिनं कॉम्प्युटर सुरू केला.

"अगं," कुंडलिकराव खालच्या आवाजात म्हणाले, "घरी चल. घरी बोलू. मला भूक लागलीया."

"आमटी चुलीवर हाय, भाकरी टोपल्यात हाय," कुशाबाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "घ्या वाढून. मला हितं येळ लागंल."